ओल्या भिंतीतली बोटं

तवा हजर होतो ते इतके. मी कमळाबाई, राहणार ढाणकी. माह्या लेकीची लेक शीला, यवतमाळले एका फोटो स्टुडिओत कामाले. माही मोठी बहीण सरूबाई, लगन होऊनबी माहेरातच राह्यलेली, कारण तिच्या नवऱ्याले आमच्या बापानं घरजावई करून घेतलतं. तिचा लेक भीमराव अन् त्याची बायको रंजना. कवेलू उतरवाले आलेले गावचे दोन जण, ते वर छपरावरच होते. अन् माय. मायले मरून चाळीस वर्षं झाली, पण तिची बोटं भिंतीत होती, म्हून तिलेबी धरते.

मी तिसरीपर्यंत शिकली. हे मी बोलली अन् शीलानं लिवलं. तिनं मधात मधात शुद्ध कराले पाह्यलं, म्या नाई करू देल्लं.

आमचं माहेर बोरझरी, वणीपासून थोडं दूर. आता तिथी कोळशाची खाण हाये. जे कधी तिकडं गेले नाई अन् आता जाऊ म्हणतीन तरी गाव सापडणार नाई, त्यायच्यासाठी सांगून राह्यली.

ढाणकी

कापसाले भाव नव्हता ते वर्षं होते. ज्याच्या घरी पाहा त्याच्या घरी खोलीभर कापूस, माणसं वसरीत झोपत. माहं स्वतःचं वावर कधी नव्हतं. म्या साठ वर्षं दुसऱ्याच्या वावरात वेचला. भाव असो का नसो, वेचणारीची कंबर तितकीच दुखते.

दिवाळी झाल्यावर भीमरावचा फोन शेजारच्या दुकानात आला. म्हणे मावशी, गाव उठून राह्यलं, ज्यानं त्यानं आपलं घर उतरवून लाकडं अन् कवेलू नव्या जागेवर न्यायचे हायेत, सगळ्यायनं उतरवले, आमची माय हात लावू देत नाई. तू ये अन् समजाव.

काहून लावू देत नाई ते मले ठाऊक होतं. दाराच्या मागं, ज्वारीच्या कोठीजवळ, हातभर जागा होती. माय मरायच्या आठ दिवस आंधी तिनं ते भिंत लिपली होती. माती, शेण अन् भुसा. चार बोटं वरून खाली ओढलेली, शेवटी जराशी वळलेली, जसं कोणी डोक्यावरून हात फिरवते. मायचा फोटो नाई. काढाले पैसाबी नव्हता अन् काढावं असं कोणाच्या ध्यानातबी आलं नाई. सरूबाईनं चाळीस वर्षं दर साली सगळी भिंत लिपली, तेवढी जागा सोडून.

माय मेली तवा मी ढाणकीले होती. त्याच आठवड्यात माहा लहाना पोरगा तापात गेलता. निरोप चवथ्या दिवशी आला. मी पोहचली तवा भिंतच पाह्यली.

म्हून भीमरावले म्हणलं, येते. पण समजवाले नाई येत.

यवतमाळ

उमरखेड, पुसद, मंग यवतमाळ. यष्टीतलं सांगण्यासारखं काई नाई. दिग्रसले आलूबोंडा खाल्ला, तिखट होता.

शीला ज्या स्टुडिओत काम करते तिथले मालक वयस्कर. सगळे त्यायले काका म्हणते. शीलानं त्यायले सांगतलं का भिंतीचा फोटो पायजे. ते म्हणाले, लग्नाचा सीजन हाये, नवे क्यामेरे दुकानाबाहेर जाणार नाई. मंग कपाटातून एक जुना काढला. कातडी खोळ, वरून बुरशी आलेली. यात रोल टाका लागते. रंगीत रोल धुवाले नागपूरले पाठवा लागते अन् ते परवडत नाई. काळापांढरा घरी धुता येते. काकाजवळ एक रोल पडला होता, त्याची तारीख कधीच उलटून गेलती.

काका म्हणाले, "बाई, जुना माल हाये. वीस-बावीस फोटो निघतीन. निघाले तं."

मी म्हणलं, "मीबी जुनीच हावो. पाहू कोण आंधी खराब होते."

ते हसले. एका बाटलीत त्यायनं हायपो देल्लं, म्हणजे रोलवरचा फोटो पक्का कराची दवाई. रोल धुवाचा एक प्लास्टिकचा डबाबी देल्ला, त्याचं झाकण घट्ट बसते, उजेड आत जात नाई. फोटो आंधी उमटवाची दवाई मात्र त्यायच्याजवळ नव्हती. शीला म्हणे त्याची फिकर नाई, ते किराणा दुकानात भेटते. मले वाटलं पोट्टी मजाक करते.

वणी

मारेगाव सोडलं का रस्त्याचा रंग बदलते. कोळशाचे ट्रक एकामागं एक. पऱ्हाटी उभी, बोंडं फुटलेली, पण आमच्या तिकडं कापूस पांढरा दिसते तं इथी राखाडी. शेजारी बसलेली बाई म्हणे, बजारात नेला का व्यापारी म्हणते काळा हाये, अन् भाव पाडते. कोळसा त्यायचा, काळा आमचा.

वणीले उतरून शीलानं किराणा दुकानात कॉफीच्या पुड्या मागितल्या, एक माळच्या माळ. अन् कपडे धुवाचा सोडा. मेडिकलमधून लिंबू-संत्र्याच्या चवीच्या ताकदीच्या गोळ्या, लहान लेकरायले देते त्या. आमच्या घरात कॉफी कोणी पेत नाई. दुकानदारबी पाहतच राह्यला.

"आजी, पाहुणे येणार हायेत का?"

"नाई," मी म्हणलं. "फोटोले पाजाची हाये."

त्यानं शीलाकडं पाह्यलं. शीलानं मान हलवली, म्हणजे खरं हाये म्हून. मंग त्यानं पुड्या मोजून देल्ल्या.

बोरझरी

गावात शिरली तं मले दिशाच समजली नाई. ज्या घरायवरून मी वळण ओळखत होती ते घरं नव्हते. भिंती उभ्या, छप्पर नाई. शाळेचे दरवाजे काढून नेलेले. विहार आंधीच हलवलं होतं, तिथी नुसता ओटा. एका घराच्या चुलीत अजून राख होती.

सरूबाई दारात बसून होती. तिचा एक डोळा गेला, दुसऱ्यानं जरा दिसते. जयभीम झाला. मी दोन वाक्यं बोलली तं म्हणे, "पाह्य, आमची कमळी तिकडच्यासारखी बोलाले लागली."

"पन्नास वर्षं झाली, बाई."

"तरी काय झालं."

रंजनानं कढी-गोळे अन् भात केलता. आमच्या ढाणकीकडं भाकर मोठी अन् भात जराकसा, इथी भात ताटभर अन् भाकर मागितली तं भेटते. दोन वाजता भोंगा वाजला. मंग जमिनीखालून एक धक्का आला अन् ताटं वाजली. माह्या हातचा घास पडला. बाकी कोणी मानबी वर केली नाई. रंजना म्हणे, खाणीतला सुरुंग, रोजच हाये मावशी, घड्याळ लागत नाई आमाले.

जेवण झाल्यावर मी दारामागं गेली. बोटं होती. बाजूनं एक भेग आलती, करंगळीपासून दोन बोटं दूर.

शीलानं सरूबाईले क्यामेरा दाखवला अन् समजवलं. मोठी आजी, भिंत नेता येत नाई, पण हे नेता येईन. सरूबाईनं क्यामेरा हातात धरून उलटापालटा केला. मंग म्हणे, काढ. पण मले दिसला पायजे. फोटो आला का नाई ते डोळ्यानं पाह्यल्याशिवाय एक कवेलू हालणार नाई.

भीमरावनं ट्रॅक्टर सांगतला होता दुसऱ्याच दिवशीचा. जागा खाली कराची मुदत सरत आलती. तो म्हणे, यवतमाळले जाऊन धुऊन आणाले वेळ कुठी हाये?

शीला म्हणे, "इथीच धुते."

त्या सांजेले तिनं गावातले फोटो काढले. विहीर, ओटा, शाळा, दारात बसलेली सरूबाई. एका एका फोटोले इतका वेळ लावे का माणूस म्हणन आता तरी दाब. ते म्हणे, आजी, रोल खर्चाच्या आंधी डोकं खर्चा लागते. चार फोटो तिनं भिंतीसाठी राखून ठेवले.

बोरझरी, दुसरा दिवस

खोलीत अंधार. भिंतीवर सरळ उजेड टाकला तं बोटं दिसतच नव्हते, सपाट. शीला म्हणे, उजेड बाजूनं पायजे, भिंतीले घासून गेला पायजे. मंग भीमरावनं कोठीच्या वरचे पाच कवेलू काढले. सरूबाई ओरडली. तो म्हणे माय, पाचच, उन्हासाठी. आम्ही ऊन यायची वाट पाहत बसलो. दहाच्या सुमाराले उन्हाचा पट्टा भिंतीवरून सरकत सरकत आला अन् मायची चारही बोटं उठून आली. आता आता ओढल्यासारखी.

क्यामेरा पालथ्या पायलीवर ठेवला. उजेड कमी म्हून त्याचा डोळा जास्त वेळ उघडा ठेवा लागे. सरूबाईनं श्वास रोखला. मी म्हणलं, बाई, भिंतीचा फोटो हाये, तू काहून श्वास रोखतं. ते म्हणे, इथली भिंतबी हालते, तुले काय माहीत. खरंच होतं. तिकडून ट्रक गेला का पायली थरथरे. चार फोटो झाले, रोल सरला.

रोल डब्यात भराले मिट्ट अंधार पायजे. घरात असा अंधार एकाच खोलीत, मागच्या. तिथी कापूस भरलेला होता, छतापर्यंत, खिडकी त्याच्याच मागं दबलेली. भीमराव म्हणे, "भाव वाढन म्हून ठेवला मावशी. भाव वाढला नाई, गाव उठलं." ते खोली सगळ्यायच्या शेवटी उतरवाची होती. दाराच्या फटीत आम्ही गोधड्या खोचल्या, उरलेल्या फटीत कापूसच खोचला. शीला आत, मी दाराले पाठ लावून बाहेर. आतून तिचा आवाज येई, अडकलं, निघालं, झालं.

मंग दवाई. गोळ्या पाट्यावर वाटल्या, सोडा पाण्यात विरघळवला, वरून कॉफीच्या सगळ्या पुड्या. काळंभोर झालं अन् वास असा सुटला का रंजनानं नाकाले पदर लावला. सरूबाई म्हणे, याच्यापेक्षा शेण बरं. माठातलं थंड पाणी टाकलं, कापडातून गाळलं, डब्यात ओतलं. भीमराव घड्याळ धरून बसला. दर मिनिटाले शीला डबा उलटा करे अन् सुलटा करे, लेकरू झुलवल्यासारखा. मंग ते ओतून हायपो. मंग पाण्यावर पाणी, हातपंपावरून रंजनानं आणलेलं. इतकं पाणी आमच्या घरी लग्नातच लागते.

शीलानं रोल बाहेर काढला अन् उन्हाकडं धरला. ओली पट्टी, त्यावर लहान लहान चौकटी. सरूबाईनं चांगला डोळा जवळ नेला.

"हे तं उलटं हाये. माहं तोंड पांढरं अन् केस पांढरे पायजे ते काळे."

शीला म्हणे हे असंच असते, मंग सुलटं होते. सरूबाई म्हणे, "म्हणजे इथी कापूस काळा अन् कोळसा पांढरा? मंग हेच बरं हाये, व्यापाऱ्याले हेच दाखवा."

भिंतीच्या चार फोटोतले तीन हाललेले होते. ट्रक गेलते. एक साफ आला. शीलानं भिंगाच्या काचेनं पाह्यलं, मंग सरूबाईले देल्लं. ते लय वेळ पाहत राह्यली. बोटं मोजली. एक, दोन, तीन, चार. काच वापस देल्ली अन् भीमरावले म्हणे, "उतरव आता."

ते उठून बाहेर निंबाखाली गेली अन् घराकडं पाठ करून बसली. छपरावरच्या दोघायनं कवेलू खाली द्याले सुरुवात केली.

रोल वाळवाचा होता. बाहेर कोळशाची धूळ, वरून कवेलूची माती. शीलानं तो मागच्याच खोलीत टांगला, कापसाच्या. दोरी, वरून एक चिमटा, खालून एक चिमटा. दार लावलं. म्हणे, वाळेपर्यंत कोणी हात लावू नका, ओलं असते तवा ते सायीसारखं नरम असते. हे मले नवीन नव्हतं. ओल्या भिंतीले हात लावाचा नाई, हे मायनं आमाले मारून शिकवलं होतं.

थोड्या वेळानं मी पाहाले आत गेली. कायले गेली ते सांगता येत नाई. मायजवळ जावं वाटलं. दार जरासं उघडं ठेवलं. पाह्यलं तं रोलवर रुईचे तंतू बसलेले. कापसाच्या खोलीत दुसरं काय होणार होतं, साठ वर्षं कापसात गेले अन् मले हे आंधी सुचलं नाई. मायच्या चौकटीवरच एक तंतू, उभा.

कापूस वेचणारीले विचार करा लागत नाई. बोंडावर पत्ती दिसली, कचरा दिसला, का डोळ्याच्या आंधी बोटं जाते. माही गेली. तंतू उचलला तं तो चिकटलेला, म्या नखानं ओढला. साय फाटते तसं झालं. तंतू निघाला अन् त्याच्या जागी वरून खाली एक रेघ, साफ, काचेसारखी.

मी तिथीच उभी होती तवा बाहेर धाड झालं. मधली म्याल, छपराचं जाड लाकूड, उतरवता उतरवता भिंतीवर पडली. मी धावत गेली. कोठीजवळची भिंत अर्धी खाली आलती. माती, भुसा, ढेकळं. म्या ढेकळं उलटून पाह्यले. एकावरबी बोटं नव्हते. रोल सरलेला, भिंत गेलेली.

मी कोणाले काई बोलली नाई. सरूबाईलेबी नाई, शीलालेबी नाई. सांजेले शीलानं वाळलेला रोल कागदात गुंडाळला. अंधार पडत होता, तिनं पाह्यलं नाई.

यवतमाळ, वापसीत

पूर्ण रस्ता शीला खिडकीतून पाहत होती अन् मी माह्या नखाकडं.

तिच्या स्टुडिओजवळ एक वहिनी लग्नपत्रिका छापते. तिच्याजवळ कॉम्प्युटर हाये अन् कागद उतरवून घ्याची मशीन हाये, स्कॅनर. त्यात रोल ठेवला तं नुसतं काळं आलं. शीलानं झाकण उघडं ठेवलं, रोलवर पांढरा कागद ठेवला अन् वरून टेबलाचा दिवा धरला. मंग आलं. वहिनीनं बटण दाबून उलट्याचं सुलटं केलं. विहीर, ओटा, शाळा, सरूबाई. सगळ्यायवर रुईचे तंतू, पांढरे, बारीक, जसं काई पूर्ण गावात कापूस उडून राह्यला.

मंग मायची भिंत आली. चार बोटं, अन् त्यायच्या बाजूनं एक काळी रेघ.

शीलानं तोंड जवळ नेलं. "हे काय हाये? हे तवा नव्हतं."

मी म्हणलं, "ते माहं नख हाये."

ते माह्याकडं पाहत राह्यली. रागावली असती तं बरं होतं. वहिनीनं मधात तोंड घातलं, म्हणे आजी, यात कायची काळजी, तंतूबी पुसून देते अन् रेघबी पुसून देते, दोन मिनिटं लागते, कोणाले समजणारबी नाई.

मी विचार केला. खरं सांगते, चांगला विचार केला. सरूबाईले एक डोळा. तिले समजलं नसतं.

पण तिथची रेघ पुसाची म्हणजे बाजूची माती घेऊन त्यावर लिपाची, वहिनी तसंच करून दाखवत होती. मी म्हणलं, "राहू दे. ते तुमचं लिपणं होईन. मले मायचं पायजे."

मोठ्या कागदावर एकच काढला.

नवी जागा

महिन्यानं मी एकटीच गेली. नवं गाव सडकेच्या बाजूनं, एका रांगेत. भिंती सिमेंटच्या. सरूबाईनं मले आत नेलं अन् भिंतीवर हात फिरवून दाखवला, म्हणे पाह्य, इथी लिपाचं कामच नाई, हात रिकामे राह्यते.

म्या फोटो देल्ला. तिनं दारात, उजेडात धरला. डोळ्याजवळ नेला. बोट लावून मोजाले लागली. एक, दोन, तीन, चार. थांबली. मंग पुन्हा सुरुवातीपासून.

"कमळे, हे पाच हायेत."

मी सांगतलं. कापसाची खोली, तंतू, नख, सगळं. मायचा एकच फोटो होता अन् म्या तोबी धड राहू देल्ला नाई, असंबी म्हणलं. ते आयकत होती का नाई समजेना, नजर फोटोवरच.

रंजनानं चहा आणला. चहा अर्धा झाल्यावर सरूबाई बोलली.

"तू लहान होती तवाबी हेच करे. माय इकडून भिंत लिपत येई अन् तू मागून ओल्यात बोट ओढत जाई. माय तुले बडवे अन् पुन्हा लिपे. तुले आठवत नाई?"

मले आठवत नव्हतं. मार आठवत होता, कायचा होता ते नाई.

"मले आठवते," ते म्हणे. "एकदा माय लिपून लिपून थकली अन् तुही रेघ तशीच राहू देल्ली. दिवाळीपर्यंत होती."

भीमराव फोटो लावाले खिळा घेऊन आला. सिमेंटात खिळा गेला नाई, वाकला. सरूबाईनं फोटो कापडात गुंडाळला अन् पेटीत ठेवला, लुगड्यायच्या वर.

हे वाचणाऱ्याले एक मागणं हाये. बोरझरीची माणसं आता चार ठिकाणी गेलीत. तुमच्या घरी मायच्या काळातला एखादा फोटो असन, कोणाच्या लग्नाचा, पंगतीचा, विहाराच्या कार्यक्रमाचा, तं त्यात मागं पाह्यजा. ठेंगणी बाई, सावळी, उजव्या भिवईवर जखमेचा वण, पदर कमरेले खोचलेला. ते फोटोत उभी नसन, काम करत असन. दिसली तं ढाणकीले कमळाबाईले निरोप द्या, मी येईन. फोटो नको, नुसता दाखवा. मी दुरून पाहीन. हात लावणार नाई.